लिंकनचा बिशप संत ह्यू : हंसाच्या गोष्टीमागे झाकला गेलेला माणूस

गढवाटा (धागाकर्ता)

बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं. इंग्लंडमध्ये लिंकन नावाचं गाव आहे, टेकडीवर प्रचंड कॅथेड्रल, आणि तिथल्या एका बिशपचं कुठलंही चित्र किंवा पुतळा बघा, त्याच्या पायाशी किंवा बगलेत एक हंस असतोच. तो हा संत ह्यू. सगळे हंसाची गोष्ट सांगतात, फोटो काढतात आणि पुढे जातात, मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण या माणसाने लागोपाठ तीन राजांना तोंडावर सुनावलं आणि तिघांनाही त्याच्यावर हात टाकता आला नाही. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट आठवतोय ना, ज्याला ११७० मध्ये कँटरबरीला चर्चच्या आत तलवारीने मारलं? ज्या राजा दुसऱ्या हेन्रीच्या माणसांनी ते केलं त्याच हेन्रीच्या राज्यात सोळा वर्षांनी ह्यू बिशप झाला आणि गप्प तर अजिबात बसला नाही.

मूळचा फ्रान्सचा, ग्रेनोबलच्या बाजूला आव्हालों नावाची गढी आहे तिथला, जन्म साधारण ११४० चा. आई लवकर गेली, मग सरदार बापाने घरदार सोडलं आणि लहानग्या पोराला घेऊन सरळ मठात जाऊन राहिला. ह्यू तिथेच वाढला, एकोणिसाव्या वर्षी डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या आधीची पायरी, झाला. पुढे एकदा आपल्या प्रायरबरोबर, म्हणजे मठप्रमुखाबरोबर, ग्रांद शार्त्र्यूजला गेला आणि तिथेच मन अडकलं. शार्त्र्यूज म्हणजे आल्प्सच्या कुशीतला कार्थुसियन संन्याशांचा मूळ मठ, १०८४ मध्ये संत ब्रुनोने सुरू केलेला. जवळजवळ कायम मौन, प्रत्येकाची वेगळी खोली, मांस कायमचं बंद, अंगाला टोचणारा केसांचा सदरा. प्रायरला हा हिरा सोडायचा नव्हता म्हणून त्याने ह्यूकडून शपथ घेतली की मी तिकडे जाणार नाही, पण शेवटी ह्यू गेलाच. तिथे त्याच्या खोलीत पाखरं आणि खारी यायच्या, हातातून खायच्या, असं लिहून ठेवलंय.

आता इंग्लंडचा भाग. बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने सॉमरसेटमध्ये विथम इथे इंग्लंडमधला पहिला कार्थुसियन मठ काढायचं ठरवलं, जमीन दिली, पण पहिल्या दोन प्रायरांच्या हातून काही मठ उभा राहिला नाही. कुणीतरी ह्यूचं नाव सुचवलं आणि ११८० च्या आसपास तो आला. आला तर बघतो काय, राजाने दिलेल्या जमिनीवर गावकरी राहतायत, त्यांना उठवायचंय. ह्यूने बांधकामाला हातच लावला नाही. राजाला म्हणाला, आधी या लोकांना त्यांच्या झोपड्यांचे पूर्ण पैसे दे, शेवटच्या पैपर्यंत, नाहीतर ही जागा मी घेत नाही. राजाने कुरकुरत दिले. मग ह्यू म्हणतो, आता ती घरं तुझी झाली, ती मला देऊन टाक. राजाला कळेना हा मोडक्या झोपड्यांचं करणार काय. ह्यूने ती घेतली आणि वासे, लाकूड, सगळं सामान त्याच गावकऱ्यांना परत दिलं, की जा, नव्या जागी लावा. हंसाच्या आधी मला ही गोष्ट सांगाविशी वाटते.

११८६ मध्ये राजाच्या दबावाखाली लिंकनच्या कॅनन लोकांनी, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी, त्याला बिशप म्हणून निवडलं. हा म्हणाला ही निवडणूक खरी नाही, तुम्ही परत लिंकनला जा, आपल्या सभागृहात बसा, राजाची भीती न धरता निवडा. त्यांनी परत एकमताने त्यालाच निवडलं, तरी हा शार्त्र्यूजहून परवानगी आल्याशिवाय हलला नाही. मग पदग्रहणाला निघाला तोही घोड्याच्या पाठीवर आपल्या मेंढीच्या कातड्यांचं बोचकं बांधून, बरोबरच्या कारकुनांना एवढी लाज वाटली की एकाने गुपचूप पट्टा कापून ते बोचकं काढून घेतलं. गादीवर बसवायची फी आर्चडीकन या चर्चच्या अधिकाऱ्याने मागितली तेव्हा उत्तर मिळालं, बिशपच्या टोपीसाठी जेवढे दिले तेवढेच गादीसाठी देईन. म्हणजे शून्य. आणि त्याच दिवशी आपल्या राखीव रानातली तीनशे हरणं मारून लोकांना जेवण घालायला सांगितलं. स्वतः मात्र मांस खात नव्हता.

राजांच्या गोष्टी खाली प्रतिसादात टाकतो, इथेच फार लांबलं.

नांगरमूठ

विथमची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजोबांचं गाव धरणात गेलंय, त्यामुळे 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा लहानपणापासून कानावर पडलेली. आठशे वर्षांपूर्वी एका संन्याशाने राजाला तेच म्हटलं, आणि तेही ज्याला जमीन मिळणार होती त्यानेच म्हटलं, याला फार मोठं काळीज लागतं. वासे परत देणं तर कुठल्या कायद्यात बसत नाही, ते ज्याने घर मोडताना जवळून बघितलंय त्यालाच सुचतं. राजांच्या गोष्टी टाका लवकर.

गढवाटा

घ्या. पहिली हेन्रीची, माझी सगळ्यात आवडती.

राजाची राखीव जंगलं म्हणजे त्या काळातला मोठा जुलूम. हरीण मारलं, झाड तोडलं की राजाचे वनरक्षक गरिबाला सोडायचे नाहीत. ह्यूने बिशप झाल्या झाल्या राजाच्या मुख्य वनाधिकाऱ्यालाच चर्चमधून बहिष्कृत केलं, राजाला न विचारता. वर राजाने एका दरबाऱ्यासाठी लिंकनच्या चर्चमधलं एक पद मागितलं तर तेही नाकारलं, की हे चर्चच्या माणसांसाठी आहे, दरबाऱ्यांसाठी नाही. हेन्री भडकला, वुडस्टॉकला बोलावून घेतलं. रानात एका मोकळ्या जागेत सरदारांचं कोंडाळं करून जमिनीवर बसला आणि सगळ्यांना ताकीद दिली, कोणी उठायचं नाही, कोणी नमस्कार करायचा नाही. ह्यू आला, नमस्कार केला, कोणी हूं की चूं नाही. तेव्हा त्याने राजाशेजारच्या सरदाराच्या खांद्याला धरून त्याला जरा सरकवलं आणि स्वतः राजाच्या बाजूला बसला. शांतता. हेन्रीला ती असह्य झाली, त्याने सुईदोरा मागवला आणि बोटाला जखमेची पट्टी होती ती शिवत बसला. ह्यू थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आत्ता तू फालेजच्या तुझ्या नातेवाइकांसारखा दिसतोयस.

फालेज म्हणजे नॉर्मंडीतलं गाव, चामड्याच्या कामासाठी प्रसिद्ध, आणि हेन्रीचा पणजोबा विल्यम हा तिथल्या साध्या घरातल्या बाईच्या पोटचा अनौरस मुलगा. म्हणजे भर दरबारात राजाच्या खानदानावर बोट. सगळे गार. आणि हेन्री हसत सुटला, अक्षरशः जमिनीवर लोळला, मग स्वतःच इतरांना त्यातली खोच समजावून सांगितली. त्यानंतर ह्यूने शांतपणे आपली बाजू मांडली आणि राजाने मान्य केली. वनाधिकाऱ्याला रीतसर प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

दुसरा रिचर्ड, लायनहार्ट. ११९७ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या सभेत मागणी आली की फ्रान्समधल्या लढाईसाठी सगळ्यांनी मिळून वर्षभर तीनशे नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धे, द्या. ह्यू उभा राहिला, म्हणाला लिंकनचं चर्च राजाला इंग्लंडच्या आत सैन्य द्यायला बांधील आहे, समुद्रापलीकडे नाही. सॉल्सबरीच्या बिशपनेही त्याची री ओढली. रिचर्डने दोघांची मालमत्ता जप्त करायचा हुकूम काढला. सॉल्सबरीची झाली. लिंकनच्या मालमत्तेला हात लावायला एकही अधिकारी धजेना, ह्यूच्या शापाला लोक मरणाइतकं भ्यायचे. शेवटी ११९८ मध्ये ह्यू स्वतः नॉर्मंडीत रिचर्डच्या किल्ल्यावर गेला. राजा चॅपलमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, बसलेला. ह्यूने नमस्कार केला, राजाने बघून तोंड फिरवलं. ह्यू म्हणाला, मला चुंबन दे. त्या काळी भेटीची, शांततेची ती रीत होती. राजा तोंड फिरवूनच. मग ह्यूने त्याच्या अंगरख्याला धरून चांगलं गदागदा हलवलं, की मी लांबून आलोय, तू माझं देणं लागतोस. राजा म्हणाला, तुझी लायकी नाही. ह्यू म्हणाला, आहे, आणि अजून जोरात हलवलं. सिंहहृदयी वगैरे म्हणतात तो राजा हसला आणि चुंबन दिलं. मिस्सा संपल्यावर ह्यूने त्याला वेदीमागे नेऊन विचारलं, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय, तू राणीशी एकनिष्ठ नाहीस आणि चर्चची पदं विकतोस असं ऐकतो. तो गेल्यावर रिचर्ड म्हणाला होता की सगळे बिशप असे असते तर एकाही राजाची त्यांच्यासमोर मान वर करायची हिंमत झाली नसती.

तिसरा जॉन. त्याच्याबद्दल ह्यूला पहिल्यापासून भरवसा नव्हता. रिचर्ड मेल्यावर, ११९९ च्या ईस्टरला, अजून राज्याभिषेक व्हायचाय तोवर जॉन दान द्यायला आला आणि बारा सोन्याची नाणी हातात खुळखुळवत बघत राहिला. म्हणतो, थोड्या दिवसांपूर्वी ही माझ्या पिशवीत गेली असती. ह्यूने हात मागे घेतला, त्या ताटात टाक आणि जा. मग प्रवचन चालू असताना जॉनने तीनदा निरोप पाठवला की आटपा, भूक लागलीये. ह्यूने प्रवचन आखूड केलं नाही.

प्रश्नचिन्ह

लिहिलंय छान. पण गढवाटा, एक सरळ विचारतो. हे सगळं लिहिलंय कोणी? संतांची चरित्रं भक्त लिहितात, आपल्याकडेही तेच, त्यात भिंत चालते, रेडा बोलतो. राजाला गदागदा हलवलं हे खरं कशावरून धरायचं?

गढवाटा

प्रश्न रास्तच आहे. मुख्य लेखक एन्शमचा अ‍ॅडम. हा ह्यूच्या शेवटच्या तीन वर्षांत त्याच्याजवळ राहिलेला त्याचा चॅप्लेन, म्हणजे खाजगी धर्मगुरू, रोजचा सोबती, म्हणजे ११९७ नंतरचं बरंच त्याच्या डोळ्यांसमोरचं. आधीचं त्याने ह्यूकडून आणि विथमच्या साधूंकडून ऐकून लिहिलंय. दुसरा वेल्सचा जेराल्ड, तो वेगळा माणूस, लिंकनमध्ये राहिलेला, त्यानेही ह्यूचं चरित्र लिहिलं आणि हंसाचं वर्णन त्याचंच. मला अ‍ॅडमचा भरवसा यासाठी वाटतो की तो ह्यूचा तापटपणा लपवत नाही, ह्यू रागवायचा, टोचून बोलायचा, हे सगळं आहे.

आणि स्वतः ह्यू चमत्कारांमागे धावणारा नव्हता. एकदा फ्रान्समध्ये एका धर्मगुरूने सांगितलं की माझ्याकडे पवित्र भाकरीचं खरोखरचं मांस झालंय, चला बघायला. बरोबरचे सगळे उतावीळ. ह्यू गेला नाही. म्हणाला, ज्यांचा विश्वास कच्चा आहे त्यांना असल्या खुणा लागतात, आपण रोज जे श्रद्धेने बघतो त्यापुढे हे काय.

रानभैरी

हंसावर कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते, मी पक्षी बघणारी आहे. लिंकनजवळ स्टो नावाचं ठिकाण आहे, तिथे बिशपचा वाडा आणि तळं होतं. ह्यूचं पदग्रहण २९ सप्टेंबर ११८६ ला, आणि त्याच सुमाराला तिथे एक भलामोठा हंस उतरला, आधीच्या हंसांना हाकलून किंवा मारून टाकलं, फक्त एक मादी ठेवली. कोणाला जवळ येऊ देईना. ह्यू आला तर त्याच्या हातून खाल्लं, मान लांब करून त्याच्या रुंद बाहीत डोकं खुपसून बसायचा, झोपलेला असताना राखण करायचा आणि इतर कोणी जवळ आलं की चावायला धावायचा.

जेराल्डने त्याचं वर्णन नीट केलंय, नेहमीच्या हंसापेक्षा मोठा, चोचीवर गाठ नाही आणि चोचीला पिवळा रंग. तिथल्या तळ्यांवरचा नेहमीचा पाळीव हंस म्हणजे म्यूट स्वान, त्याची चोच नारिंगी आणि वर काळी गाठ. पिवळ्या चोचीचा मोठा हंस म्हणजे हूपर स्वान, तो आइसलँडकडून हिवाळ्याला इंग्लंडमध्ये येतो आणि साधारण सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरपासूनच यायला लागतो. म्हणजे तारीख जुळते, चोच जुळते, जागा जुळते. मला म्हणून ही गोष्ट खोटी वाटत नाही, दंतकथा रचणाऱ्याला चोचीचा रंग लिहायची गरज नसते.

विथमला असताना बर्नेटा नावाचा एक छोटा पक्षी रोज त्याच्या ताटातून खायला यायचा, विणीच्या दिवसांत गायब व्हायचा आणि नंतर पिल्लांना घेऊन परत. हेही बघणाऱ्यालाच सुचतं.

वसईची_लेक

खूप सुंदर धागा. आमच्याकडे वसईत संत म्हटलं की आधी गोन्सालो गार्सिया, तो आमच्या मातीतला, ह्यूबद्दल मला फादरांकडून कळलं. त्याचा सण १७ नोव्हेंबरला असतो, १२२० मध्ये पोप तिसरे ऑनोरियस यांनी त्याला संत जाहीर केलं, आणि कार्थुसियन संघातला तो पहिला अधिकृत संत.

मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक, दृढीकरण. बिशपने मुलांना तेल लावून द्यायचा तो संस्कार. त्या काळात बिशपांचा प्रदेश एवढा मोठा, लिंकनचा तर हंबर नदीपासून थेम्सपर्यंत, की काही बिशप घोड्यावर बसल्या बसल्याच उरकायचे, खाली पोरं रडतायत, घोडे बुजतायत. ह्यू कितीही दमलेला असला तरी घोड्यावरून उतरायचा आणि एकेका मुलाला जवळ घ्यायचा. रस्त्यात कुठे प्रेत पुरायचं राहिलेलं दिसलं तर थांबून अंत्यविधी करायचा, एकदा राजा जेवायला खोळंबलाय म्हणून निरोपावर निरोप आले तरी.

दुसरं कुष्ठरोग्यांचं. ह्यू त्यांच्यात जाऊन बसायचा, पाय धुवायचा, चुंबन घ्यायचा, पुरुषांचं, ज्यांचे चेहरे झडलेत त्यांचंही. अ‍ॅडम स्वतः लिहितो की बघून त्याला कसंतरी व्हायचं. लिंकनचा चान्सलर विल्यम, मोठा विद्वान, त्याने जरा खवचटपणे विचारलं, संत मार्टिनने चुंबन घेतलं तेव्हा कुष्ठरोगी बरा झाला होता, तुमच्याने नाही होत. ह्यू म्हणाला, मार्टिनच्या चुंबनाने त्या रोग्याचं शरीर बरं झालं, रोग्याच्या चुंबनाने माझा आत्मा बरा झाला. माझी आई नर्स होती, तिला हे वाक्य वाचून दाखवलं तर तिने परत वाचायला लावलं.

प्रश्नचिन्ह

चोचीचा मुद्दा पटला. आता माझी तक्रार. तुम्ही सगळे कौतुकच करताय. हेन्रीची जी प्रेयसी रोझामंड होती, तिचं थडगं गॉडस्टोच्या मठात वेदीसमोर होतं, रेशमी कापड घातलेलं, दिवे लावलेले, तिथल्या नन्स तिची काळजी घ्यायच्या कारण तिच्यामुळे मठाला देणग्या मिळाल्या होत्या. ११९१ मध्ये ह्यू तिथे गेला आणि ही राजाची रखेल होती, बाहेर काढा म्हणाला. मेलेल्या बाईला. राजा हयात असताना तिला विचारलं कोणी होतं का? हेन्रीशी विनोद करायचा आणि शिक्षा तिला?

वसईची_लेक

यावर मी ह्यूची बाजू घेणार नाही. मलाही ते टोचतं. वेदीसमोरची जागा कोणाला द्यायची याचे नियम होते आणि तो नियमाने वागला इतकंच म्हणता येतं, पण ज्याने झोपड्यांचे वासे परत केले त्याच्याकडून जास्त अपेक्षा होती.

गढवाटा

माझंही तेच मत. अजून एक अवघड प्रसंग, नॉर्मंडीतल्या फेकाँच्या मठातला. तिथे मेरी मॅग्दालेनच्या दंडाचं हाड म्हणून रेशमात गुंडाळलेला अवशेष होता. ह्यूने कापड कापून ते हाड उघडं केलं, बोटांनी तुकडा निघेना म्हणून चक्क दाताने दोन तुकडे तोडले. तिथले साधू ओरडायला लागले, हा कुत्र्यासारखा चावतोय. ह्यूचं म्हणणं, आत्ताच मी याच हातांनी आणि ओठांनी प्रभूचं शरीर घेतलं, मग संतांच्या हाडाला का नको. भाकरीचं मांस बघायला न जाणारा माणूस आणि हाडाचे तुकडे दाताने तोडणारा माणूस एकच आहे.

काळीशाई

ज्यू लोकांचा विषय अजून आला नाही, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ११८९ ला रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते गावोगाव पसरले. ११९० च्या मार्चमध्ये यॉर्कच्या किल्ल्यात साधारण दीडशे ज्यू मेले, बऱ्याच जणांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःच जीव दिला. तसेच जमाव लिंकन, स्टॅमफर्ड, नॉर्थॅम्प्टनला जमले होते. ह्यू हत्यारबंद लोकांसमोर जाऊन उभा राहिला. नॉर्थॅम्प्टनला तर ज्यूंना लुटलेला एक पोरगा लुटीच्या पैशासाठी मारला गेला होता आणि लोकांनी त्यालाच संत करून टाकलं, थडग्यावर नवस सुरू. ह्यूने स्वतः जाऊन ती पूजा बंद पाडली, लोक अंगावर आले तरी. ह्यूच्या अंत्ययात्रेत लिंकनचे ज्यू रडत चालले होते.

आणि एक गोंधळ कायम होतो म्हणून सांगते. 'लिटल सेंट ह्यू ऑफ लिंकन' असं काही वाचलंत तर तो हा नव्हे. १२५५ मध्ये लिंकनमधल्या ह्यू नावाच्या लहान मुलाचं प्रेत विहिरीत सापडलं, ज्यूंनी विधीसाठी मारला अशी आवई उठली, तिसऱ्या हेन्रीने १९ ज्यूंना फाशी दिलं. सगळं खोटं. पण त्या मुलालाही लोकांनी संत केलं आणि त्याचं थडगं त्याच कॅथेड्रलमध्ये, जे आपल्या ह्यूने बांधायला घेतलं. १२९० मध्ये ज्यूंना इंग्लंडमधूनच हाकललं. १९५५ मध्ये तिथे पाटी लावली की या कथा खोट्या होत्या आणि त्यापायी निरपराध माणसं मारली गेली. ज्या बिशपने असलंच एक खोटं थडगं स्वतः जाऊन बंद पाडलं, त्याच्याच चर्चमध्ये साठ-पासष्ट वर्षांत हे व्हावं याचा मला आजही संताप येतो.

नांगरमूठ

हे माहीतच नव्हतं. मराठीत दोन्ही नावं सारखीच लिहिली जातात त्यामुळे हा प्रतिसाद धाग्यात वरच हवा होता. गढवाटा, मृत्यूचं आणि कॅथेड्रलचं राहिलंय.

गढवाटा

हो. १५ एप्रिल ११८५ च्या भूकंपाने जुनं कॅथेड्रल मोडलं होतं. ह्यूने ११९२ मध्ये बांधकाम सुरू केलं, जेफ्री द नॉयर्स हा त्याचा स्थपती, आणि बिशप स्वतः खांद्यावर दगड-चुन्याची घमेली वाहायचा. ते वाहायचं साधन नंतर एका पांगळ्याने मागून घेतलं आणि तो बरा झाला अशी दंतकथा. ह्यूने सुरू केलेला पूर्वेकडचा भाग आजही सेंट ह्यूज क्वायर (क्वायर म्हणजे चर्चमधली गायकांची जागा) म्हणूनच ओळखतात, त्याच्या छताच्या फासळ्या मुद्दाम वाकड्या, एकमेकींना चुकवून जातात, मान दुखेपर्यंत बघत राहावं असं काम आहे.

१२०० मध्ये तो शेवटचं शार्त्र्यूजला जाऊन आला, परतताना आजारी पडला आणि लंडनच्या वाड्यात १६ नोव्हेंबरला संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी गेला. त्याआधी स्वतःला जमिनीवर, राखेच्या क्रूसावर ठेवायला लावलं होतं. लंडनहून लिंकनपर्यंत पावसात, वाऱ्यात मेणबत्त्या विझल्या नाहीत असं अ‍ॅडम लिहितो. लिंकनला तेव्हा जॉन आणि स्कॉटलंडचा राजा विल्यम दोघे आलेले होते, विल्यमला जॉनपुढे निष्ठेची शपथ घ्यायची होती म्हणून. त्या चिखलाच्या चढावर जॉनने शवपेटीला खांदा दिला. बारा नाणी खुळखुळवणारा तोच जॉन.

१२८० मध्ये त्याचे अवशेष नव्या एंजल क्वायरमध्ये हलवले, पहिला एडवर्ड आणि राणी एलिनॉर हजर होते. डोकं वेगळ्या रत्नजडित पेटीत ठेवलेलं. १३६४ मध्ये चोरांनी ते पळवलं, सोनंनाणं काढून डोकं शेतात टाकून दिलं, आणि लोक सांगतात की सापडेपर्यंत एक डोमकावळा त्याची राखण करत होता. चोर पकडले गेले, लिंकनमध्येच फासावर गेले. आठव्या हेन्रीच्या काळात १५४० मध्ये मुख्य समाधी मोडून सगळी मौल्यवान चीजवस्तू लंडनला नेली.

रानभैरी

डोमकावळाही आला का, बरं झालं. गढवाटा, हंस शेवटी काय झाला?

गढवाटा

शेवटच्या भेटीला ह्यू स्टोला गेला तेव्हा तो जवळ येईना. बोलावलं, माणसं पाठवली, तो पाणवनस्पतीत मान टाकून बसलेला. नोकरांना शेवटी धरूनच आणावा लागला. अ‍ॅडम म्हणतो, लोकांना त्याचा अर्थ पुढे नोव्हेंबरात कळला. कोणी लिंकनला जाणार असाल तर कॅथेड्रलच्या उत्तरेला डीन्स आय नावाची गोल रंगीत खिडकी आहे, तेराव्या शतकातली, तिच्यात ह्यूची अंत्ययात्रा आहे. खूप उंचावर आहे, दुर्बीण घेऊन जा.